पाच जणांची होडी

"थांबा. दोर खाली ठेवू नका," विक्रांतदादा म्हणाला. "आत्ता जे झालं, ते कुणी ठरवून केलं?"

आम्ही पाच जण दोराच्या वेटोळ्यात उभे होतो. विहिरीवर असतो तसला जाड सुती दोर, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली. तो आतून कमरेच्या उंचीवर ताणून धरला की होडी तयार व्हायची. वेटोळं बरोबर पाच माणसांचं होतं. सहावी शालन बाहेर जिमखान्याच्या फरशीवर पालथी पडली होती, एक हात पुढे पसरून.

"कुणीच नाही," आम्ही म्हणालो.

"मग बरोबर चाललंय. ऊठ शालन. पुन्हा."

शालन उठली, गुडघे झाडले आणि दोन्ही हातांनी केस मागे घेऊन आमच्यात येऊन उभी राहिली. दादानं पत्र्याचा तक्ता हलवला, पुराच्या पाण्याचा घुमारा उठला आणि आम्ही सहा जण पुन्हा पाच जणांच्या होडीकडे धावलो.

त्या वर्षी आमचं कॉलेज पहिल्यांदाच युवक महोत्सवात मूकनाट्य करणार होतं. सहा जण, पाच मिनिटं, तोंडातून अक्षर काढायचं नाही. विक्रांतदादा आमच्याच कॉलेजचा माजी विद्यार्थी. मोठ्या शहरात तीन वर्षं नाटक शिकून आला होता आणि पुढचं काही ठरेपर्यंत गावात होता. आम्हाला वाटलं होतं, कागद देईल, तालीम बसवेल. त्यानं पहिल्याच दिवशी हात वर केले. म्हणाला, "मी काही बसवणार नाही. आपण शोधायचं. आधी ठरवायचं नाही, शरीराला ठरवू द्यायचं. तोंड खोटं बोलतं, शरीर बोलत नाही." हे वाक्य आम्हाला इतकं आवडलं की कॅन्टीनमध्ये कुणी दुसऱ्याच्या ताटलीतली भजी उचलली तरी आम्ही म्हणायचो, शरीरानं ठरवलं.

विषय मात्र चटकन ठरला. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावात पूर काय असतो ते कुणाला शिकवावं लागत नाही. आम्ही सहावीत असताना आलेला मोठा पूर सगळ्यांनाच आठवत होता. सहा माणसं आणि पाच जणांची होडी, एवढंच दादानं दिलं. बाहेर कोण राहणार, हे दरवेळी नव्यानं शोधायचं.

आत असलेल्यानं एका हातात दोर धरायचा आणि दुसऱ्या हातानं बाहेरच्याला धरायचं. बोटांत बोटं गुंतवायची नाहीत, दोघांनी एकमेकांचं मनगट धरायचं. "पाण्यात तीच पकड टिकते," दादा म्हणायचा. घामानं हात निसटायचे म्हणून खडूची भुकटी लावायची. ते काम शालननं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. ती वर्गावर्गांतून खडूचे तुकडे गोळा करायची, स्टीलच्या पेल्याच्या बुडानं कुटायची आणि फडक्याच्या पुरचुंडीत बांधून आणायची. मग एकेकाचा तळहात आपल्या हातात घेऊन भुकटी चोळायची, अगदी बोटांच्या बेचक्यापर्यंत.

आमचे टी-शर्ट काळे, पूर्ण बाह्यांचे. तालीम संपली की कोणी कोणाला धरलं होतं ते बाह्यांवर वाचता यायचं. अभिनंदन चौगुले आमच्यात सगळ्यांत उंच आणि दणकट, त्याच्या पंजाचे ठसे तर कोपरापर्यंत उमटायचे. तस्लीमची आई रोज टी-शर्ट धुवून वैतागली होती.

"शालनचं बरंय बाई," एकदा तस्लीम बाही चोळत म्हणाली. "आठवडा झाला, हिचा टी-शर्ट बघा, आत्ता दुकानातून आणल्यासारखा. धुवावाच लागत नाही."

आम्ही हसलो. शालनही हसली. म्हणाली, "साबण वाचतो की."

मीही हसले होते, हे इथं सांगून टाकते. नंतर मला त्या हसण्याची फार लाज वाटली, पण तेव्हा नाही वाटली.

शालन ढाले माझ्या वर्गात होती. माझी मैत्रीण होती का? मी तेव्हा बेधडक हो म्हणाले असते. एकत्र यायचो, एकत्र जायचो, तिच्या वह्या मी आणायचे, माझा डबा ती खायची. तिच्या घरी मात्र मी कधी गेले नव्हते. तिची वस्ती नदीला लागून, खालच्या अंगाला. आमचं घर पेठेत, वडिलांचं कापडाचं दुकान खाली आणि आम्ही वर. पुलापाशी आमची वाट फुटायची, तिथं उभं राहून आम्ही अर्धा-अर्धा तास बोलायचो, आणि मग ती उतरायची, मी चढायचे.

महोत्सवाला तीन दिवस उरले असताना दादाला चैन पडेना. "रोज तेच घडतंय," तो म्हणाला. "शोध थांबलाय. आज बदलून बघू. आज वैजू बाहेर."

वैजू म्हणजे मी.

पत्रा घुमू लागला. आम्ही धावलो. मी ठरल्याप्रमाणे मागे राहिले, दोर वर गेला, होडी भरली. मी हात पुढे केला आणि अभिनंदननं माझं मनगट धरलं. असं धरलं की माझ्या तोंडून आवाज निघता निघता राहिला. दुसऱ्या बाजूनं तस्लीमनं माझा दंड पकडला. मी दादानं शिकवल्याप्रमाणे प्रवाहात ओढली गेल्यासारखी मागे झुकले, पण मला कुणी सोडेना. पत्रा घुमतोय, होडी डुलतेय, आणि सोडायचा क्षण काही येईना. शेवटी अभिनंदननं दोर उचलला आणि मला सरळ आत ओढलं. पाचांच्या वेटोळ्यात सहा जण. दोर कचकन ताणला, सगळे एकमेकांवर आदळले आणि हसून हसून खाली बसले.

"बुडालं," दादा म्हणाला. तोही हसत होता. "होडी नाही, नाटक बुडालं. अरे, सोडायचं असतं एकाला."

"सुटतच नाही की दादा," अभिनंदन म्हणाला. "काय करू?"

"जाऊ दे. शालनला ठेवू बाहेर. तिचं पडणं सगळ्यांत खरं आहे."

शालन त्या ढिगाऱ्यात हसत होती, माझ्या पाठीला टेकून. तिचं हसू थांबल्याचं मला पाठीला कळलं. ती उठली, पुरचुंडी उचलली आणि सगळ्यांच्या हातांना पुन्हा खडू लावायला लागली. माझा हात आला तेव्हा तिनं माझ्या बाहीकडे पाहिलं. दोन्ही बाह्या पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

त्यानंतर कुणी काही बदललं नाही. शालन बाहेर आणि तिला सोडणारी मी, असं पक्कंच झालं. ठरवायचं नाही म्हणता म्हणता ठरलं होतं.

महोत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पुलापाशी आलो. मी वळणार तोच शालन म्हणाली, "चल की खाली. एक दाखवतो तुला."

आमच्या भागात मुलीसुद्धा करतो, जातो असंच बोलतात. मीही घरात तसंच बोलते.

आम्ही उतरलो. वस्तीच्या तोंडाशी समाजमंदिर होतं. एका मजल्याचं, वर सपाट स्लॅब. ती खालीच थांबली आणि बोटानं दाखवलं.

"पुरात आम्ही हितं होतो. वर. साठ-पासष्ट माणसं. एक रात्र न् दोन दिवस."

"तू कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कुणी विचारलं न्हाई की. दादा म्हणतो, शालनचं पडणं खरं आहे. कसं काय खरं आहे, ते इचारत न्हाई कोण."

मी विचारलं, "कुणी गेलं का गं तुमच्यातलं?"

"न्हाई, न्हाई. माणसं समदी राहिली. दुसऱ्या दिवशी मिलिटरीची होडी आली, घेऊन गेली." ती भिंतीला टेकली. "पण पैल्या दिवशी एक होडी गेली हितनं. पेठेकडनं आलेली. अगदी जवळनं गेली, स्लॅबला घासून. एक माणूस वाकला न् माझ्याकडं हात केला. मी पुढंच होतो. मी पण केला. एवढंच ऱ्हायलं होतं." तिनं दोन बोटांत वीतभर अंतर दाखवलं. "तेवढ्यात मागनं एक पोरगी म्हणाली, टीव्ही पडंल. तर त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, आलोच. न् गेली होडी."

"टीव्ही?"

"व्हय. चादरीत गुंडाळलेला. निळी चादर, मोरांची. आता माणसाचं तोंड आठवत न्हाई बघ, पण मोर आठवतात."

ती चादर त्या दिवशीही आमच्या दिवाणावर अंथरलेली होती. धुऊन धुऊन मोरांचा रंग गेला होता, पण मोर होते. टीव्ही माझ्या मांडीवर होता. त्याचा भार अजून मला मांड्यांवर आठवतो, आणि होडी कलंडली की त्याच्यासकट आपण पाण्यात जाऊ ही भीती आठवते. वाकलेले माझे पप्पा आठवतात. मी काही बोलल्याचं मात्र आठवत नाही. अकरा वर्षांची होते. मी तेव्हापासून कितीदा तरी आठवून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला माझाच आवाज ऐकू येतो, पण तो खरा आठवतोय की शालननं सांगितला म्हणून, ते सांगता येत नाही.

मी तिला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. मला वाटलं, प्रयोग होऊ दे, मग सांगू. आज सांगितलं तर उद्या ती उभी राहणार नाही, आपल्यामुळे सगळ्यांची मेहनत पाण्यात जाईल. अशा वेळी सगळ्यांच्या मेहनतीची काळजी माणसाला फार वाटते.

"वैजू," ती म्हणाली, "उद्या एक करशील?"

"काय?"

"मला धर."

"सोडू नको म्हणतेस? अगं, मग शेवटाचं काय?"

"सोड की. सोडायलाच पायजे, त्याशिवाय होत न्हाई ते. पण सोडायच्या आधी एकदा धर."

"रोज धरतो की तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. पण उद्या धर."

"धरतो. शब्द."

आणि मी मनापासून म्हटलं होतं. त्या रात्री चादर काढून घडी घालून कपाटात टाकली. आईनं विचारलं तर म्हटलं, जुनी झाली आहे.

दुसऱ्या दिवशी प्रयोग सकाळी होता. मोठं सभागृह, खुर्च्या भरलेल्या, वर उष्ण दिवे. विंगेत दादा पत्रा घेऊन उभा होता. पडद्याआड शालननं एकेकाच्या हाताला खडू लावला. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं नेहमीपेक्षा जास्त भुकटी घेतली आणि माझा तळहात दोन्ही हातांनी चोळला. मी मान हलवली.

पत्रा घुमला. पहिली दोन मिनिटं कुठं गेली कळलं नाही. आम्ही छपरं झालो, वाहून जाणारी भांडी झालो, गाळात रुतणारी गुरं झालो. मग दोर उचलला गेला आणि पाच जण होडीत शिरलो. शालन बाहेर राहिली. तिनं हात केला आणि मी माझा हात पुढे केला.

मी तिला धरलं. मला तसंच आठवतं. तिची पकड माझ्या मनगटाच्याही वर, कोपराखाली आली आणि तिचा सगळा भार माझ्या खांद्यात उतरला. ती माझ्याकडे बघत होती. विनवणी वगैरे काही नव्हतं त्या बघण्यात, ती नुसती वाट बघत होती. माझ्या मागे अभिनंदनचा श्वास ऐकू येत होता. माझ्या डोक्यात तेव्हा काय चाललं होतं हे मी प्रामाणिकपणे सांगते. मी मोजत होते. दादाचा पत्रा शिगेला पोचला की आकडे मोजायचे, चारला सोडायचं. एक, दोन, तीन, चार.

तिची बोटं माझ्या बाहीवरून घसरत गेली आणि सुटली.

रोज ती पडायची. त्या दिवशी पडली नाही. हात तसाच पुढे ठेवून उभी राहिली. आम्ही पाच जण दोर ताणून डुलत डुलत रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेलो आणि ती दिव्याखाली एकटी, हात पुढे केलेली, तशीच. पत्रा थांबला. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तस्लीम विंगेत रडायलाच लागली.

पहिला नंबर आमचा आला. निकालानंतर परीक्षक आम्हाला भेटायला आले. पिकल्या दाढीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "सगळं चांगलं आहे, पण तो हात सोडण्याचा क्षण फारच अस्सल आहे. मुलांकडून इतका निर्दय क्षण सहसा येत नाही. कोणी बसवला?"

विक्रांतदादा फुलून आला होता. "सर, आमची पद्धत अशी आहे की आम्ही सगळे मिळून..."

"बसवला न्हाई सर," शालन मधेच म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "ते रोज आपोआप येतं."

परीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. मग मान हलवली आणि पुढच्या गटाकडे गेले. दादानं तिच्या पाठीवर थाप मारली. "काय बोललीस," तो म्हणाला. बाकीच्यांना ते वाक्य दोन दिवस पुरलं.

परतीची एसटी चार वाजता होती. अभिनंदन बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला होता, बाकीचे गाणी म्हणत होते. मी मुद्दाम शालनशेजारी जाऊन बसले. ती खिडकीतून उसाचे फड बघत होती. मी मनात वाक्यं जुळवत होते. चादरीपासून सुरुवात करावी की पप्पांपासून. पण तोंडातून भलतंच निघालं.

"आज जरा लवकर सुटला का गं हात? घाम आला होता मला. निसटला."

शालननं मान वळवली. तिनं माझा डावा हात उचलला आणि माझ्या मांडीवर नीट ठेवला. काळ्या बाहीवर कोपराच्या खालून मनगटापर्यंत चार पांढरे पट्टे ओढलेले होते. तिची बोटं. जिथं पकड होती तिथं ठसा गच्च उमटला होता, आणि मग जिथून ती घसरत गेली तिथं लांबच लांब रेघा.

मग तिनं तिचा उजवा हात माझ्या हाताशेजारी ठेवला.

तिची बाही स्वच्छ होती. मनगटाशी ठसा नाही, वर नाही, आतल्या बाजूला नाही. तिनं हात उलटा करून तीही बाजू दाखवली. माझ्या तळहातावर तिनंच चोळलेला खडू अजून तसाच होता, बोटांच्या बेचक्यापर्यंत.

तेव्हा मला तस्लीमचा विनोद आठवला. महिनाभर रोज कुणी ना कुणी होडीतून तिच्याकडे हात केला होता. शेवटचे तीन दिवस मी केला होता. आम्हाला वाटायचं, आम्ही धरतो आणि सोडतो. त्या महिनाभरात एकानंही मूठ मिटली नव्हती. आम्ही नुसते हात पुढे ठेवायचो आणि ती धरायची.

आता काही बोलायचं तर चादरीचंच बोलायला हवं होतं, आणि ते आता कुठल्या तोंडानं बोलणार?

"घामच असंल," शालन म्हणाली.

एसटी पुलाजवळ आली. खाली नदी हिवाळ्यातली, बारीक, एका कडेनं वाहणारी. तिचा थांबा पुलाच्या अलीकडे होता. ती उठली, पिशवी खांद्याला लावली, खडूची पुरचुंडी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि माझ्या बाहीकडे बोट केलं.

"झटकून घे घरी जायच्या आधी. काळ्यावर लई दिसतंय."

ती उतरली आणि वस्तीकडच्या वाटेला लागली. मी बाही झटकली. तिच्या बाहीवर झटकण्यासारखं काही नव्हतं.